ऊर्जा मॉडेलिंग आणि हवामान बदलाचे सिनारिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऊर्जा प्रणालींची गणिती मॉडेल्स तयार करते आणि त्यांच्या आधारे हवामान बदलाच्या सिनारिओंवर, म्हणजे भविष्याच्या जर-तरच्या चित्रांवर, काम करते. व्याख्यान संपलं की लोक जवळ येऊन जे विचारतात, पत्रकार फोनवर जे विचारतात आणि विद्यार्थी पहिल्याच भेटीत जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?

बहुतेक वेळ आकडे तपासण्यात जातो. एखाद्या प्रदेशात आज किती वीजकेंद्रं आहेत, प्रत्येकाचं वय काय, अजून किती वर्षं चालेल, इंधन किती खातं, वर्षाच्या कुठल्या तासाला वारा किती वाहतो, पोलादाच्या भट्टीला किती उष्णता लागते, हे सगळं गोळा करून एका गणितात बसवायचं. मग त्या गणिताला विचारायचं: २०५० पर्यंत उत्सर्जन अमुक इतकं खाली आणायचं असेल, तर कुठे, कधी, काय बांधावं लागेल आणि काय बंद करावं लागेल?

संगणक उत्तर काढतो ते काही मिनिटांत, फार तर काही तासांत. पण ते उत्तर तसंच का आलं, हे समजून घ्यायला आठवडे लागतात. खरं संशोधन त्या आठवड्यांत होतं.

ऊर्जा मॉडेलच्या आत काय असतं?

जगभर वापरली जाणारी बरीच मोठी मॉडेल्स ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ या पद्धतीवर उभी आहेत. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली शोधलेली सिम्प्लेक्स पद्धत या घराण्यातलीच. तिच्यात तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे चलं: कुठल्या वर्षी किती सौर क्षमता उभारायची, कोळशाचं केंद्र किती तास चालवायचं. दुसरी म्हणजे बंधनं: प्रत्येक कालखंडात मागणी भागलीच पाहिजे, केंद्र त्याच्या क्षमतेपलीकडे चालू शकत नाही, उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. आणि तिसरी म्हणजे उद्दिष्ट, जे बहुधा एकच असतं: एकूण खर्च कमीत कमी.

या मॉडेल्सचा जन्म हवामानासाठी झाला नव्हता. १९७३ च्या तेलसंकटाने देशोदेशीची सरकारं हादरली आणि तेल मिळालं नाही तर काय, हा प्रश्न पुढे आला. त्या दशकात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली ‘मारकल’ हे मॉडेल तयार झालं. त्याचा वारसदार असलेलं ‘टाइम्स’ आजही अनेक देशांत वापरात आहे. व्हिएन्नाजवळच्या लक्सेनबुर्गमध्ये १९७२ साली ‘आयआयएएसए’ ही संस्था सुरू झाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोन्हीकडचे शास्त्रज्ञ तिथे एका छताखाली ऊर्जेच्या भविष्याचा हिशेब मांडत होते. ‘मेसेज’ हे मॉडेल तिथलं. तेलाच्या चिंतेतून आलेलं हे गणित पुढे कार्बनच्या कामी आलं, कारण कुठलं इंधन किती जळतं हे एकदा कळलं की धूर किती निघतो हे वेगळं शोधावं लागत नाही.

हवामानाचं मॉडेल आणि ऊर्जेचं मॉडेल एकच का?

नाही, आणि हा फरक नीट कळला तर पुढची निम्मी गैरसमजूत दूर होते.

हवामानाचं मॉडेल भौतिकशास्त्रावर चालतं. हवा, समुद्र, बर्फ, ढग यांची समीकरणं असतात. हवेत इतका कार्बन डायऑक्साइड गेला तर तापमान किती चढेल, हे ते सांगतं. ऊर्जेचं मॉडेल माणसांच्या निर्णयांचं असतं. तो कार्बन डायऑक्साइड मुळात हवेत जाईल किती, हे त्यातून निघतं. एकाचं उत्तर दुसऱ्याचा इनपुट होतं. शेकडो सिनारिओंसाठी मोठं हवामान मॉडेल चालवणं फार महाग पडतं, म्हणून मधल्या जोडणीसाठी ‘मॅजिक’ किंवा ‘फेअर’सारखी छोटी, वेगवान हवामान मॉडेल्स वापरतात.

निसर्गाच्या नियमांना मतं नसतात. माणसांच्या निर्णयांना असतात. म्हणून या दोन मॉडेल्सवर एकाच प्रकारचा विश्वास ठेवू नये, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

सिनारिओ म्हणजे भविष्याचा अंदाज का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. सिनारिओ म्हणजे जर-तरचं वाक्य. ‘जर लोकसंख्या अशी वाढली, उत्पन्न असं वाढलं, सौर पॅनेल या दराने स्वस्त झाले आणि उत्सर्जनावर ही मर्यादा घातली, तर ऊर्जा प्रणाली अशी दिसेल.’ त्यातला ‘तर’ मॉडेल सांगतं. ‘जर’ आम्ही ठरवतो. बातमीत बहुतेक वेळा फक्त ‘तर’ छापून येतो आणि मग लोक त्याला भाकीत समजतात.

‘जर’चे चार धागे जपानी अभियंते योइची काया यांनी एका साध्या सूत्रात बांधले. उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले उत्पन्नाच्या एका एककामागे लागणारी ऊर्जा, गुणिले ऊर्जेच्या एका एककामागे निघणारा कार्बन. समजा लोकसंख्या वर्षाला १ टक्क्याने आणि दरडोई उत्पन्न २ टक्क्यांनी वाढतं आहे. ऊर्जेची काटकसर २ टक्क्यांनी सुधारते आहे आणि इंधन ०.५ टक्क्याने स्वच्छ होतं आहे. बेरीज-वजाबाकी करा: उत्सर्जन अजूनही वर्षाला जवळजवळ ०.५ टक्क्याने चढतंच आहे. सुधारणा चालू असूनही आलेख वर का जातो, याचं उत्तर या एवढ्याशा हिशेबात आहे.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालात अशा एक हजाराहून जास्त सिनारिओंचं तापमानानुसार वर्गीकरण केलं आहे. ‘हजारातले इतके सिनारिओ असं सांगतात, म्हणजे तसं होण्याची शक्यता इतकी’ असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे. ते हजार सिनारिओ म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना नव्हे. ज्या प्रश्नांमध्ये संशोधकांना रस होता, ते प्रश्न जास्त वेळा विचारले गेले, एवढंच त्या संख्येवरून कळतं.

आरसीपी, एसएसपी ही नावं सारखी कानावर येतात. ती काय आहेत?

ही सिनारिओंच्या पिढ्यांची नावं. आयपीसीसीची स्थापना १९८८ ची. १९९२ साली सहा सिनारिओंचा संच आला, २००० साली चाळीस सिनारिओंचा. त्यानंतर आले चार आरसीपी, म्हणजे हवेतल्या वायूंचं प्रमाण कसं बदलत जाईल याचे चार मार्ग: २.६, ४.५, ६.० आणि ८.५. पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीकडून परत जाणारी ऊर्जा यांच्या हिशेबात २१०० साली दर चौरस मीटरला किती वॅटचा फरक पडलेला असेल, तो हा आकडा. २.६ कमी तापलेलं जग, ८.५ फार तापलेलं.

पण आकड्यावरून जग कसं आहे ते कळत नाही. म्हणून समाज आणि अर्थव्यवस्था कुठल्या वाटेने जातील हे सांगणारे पाच एसएसपी लिहिले गेले, आणि ते अक्षरशः गोष्टींसारखे आहेत. पहिल्यात जग शाश्वत वाटेने जातं, दुसऱ्यात मधल्या वाटेने. तिसऱ्यात देश एकमेकांकडे पाठ फिरवतात, चौथ्यात विषमता वाढत जाते, पाचव्यात भरभराट होते ती जीवाश्म इंधनांच्या जोरावर. गोष्ट आणि आकडा जोडला की ‘एसएसपी २-४.५’सारखं नाव तयार होतं. सहाव्या अहवालात २०८१ ते २१०० या काळासाठी तापमानवाढीचा मध्यवर्ती अंदाज एसएसपी १-१.९ ला १.४ अंश, १-२.६ ला १.८, २-४.५ ला २.७, ३-७.० ला ३.६ आणि ५-८.५ ला ४.४ अंश सेल्सिअस असा आहे. तुलना १८५० ते १९०० च्या सरासरीशी.

मला तिसरी गोष्ट नेहमी अस्वस्थ करते. त्या जगात तंत्रज्ञानही सावकाश पुढे जातं. देश एकमेकांशी बोलतच नाहीत. आणि त्या गोष्टीतून २.६ ची पातळी गाठायचा प्रयत्न केला तेव्हा मॉडेल्सना उत्तरच सापडलं नव्हतं.

आरसीपी ८.५ म्हणजे ‘आहे तसंच चालू राहिलं तर’ का?

बरीच वर्षं तसं लिहिलं गेलं, आणि ते बरोबर नव्हतं. हा सिनारिओ मुळात उत्सर्जनाची वरची कड दाखवण्यासाठी होता. त्यात शतकाच्या अखेरीपर्यंत कोळशाचा वापर कित्येक पटींनी वाढत जातो. आज सौर आणि वाऱ्याच्या विजेचे भाव पाहता तसं होणं फार अवघड दिसतं. तरी तो सिनारिओ फेकून देऊ नये. पृथ्वीनेच आपल्या अंदाजापेक्षा जास्त कार्बन सोडला किंवा तापमान कार्बनला जास्त जोरात प्रतिसाद देतं असं निघालं, तर कमी उत्सर्जनातही तापमान बरंच वर जाऊ शकतं. धरण किंवा पूल बांधणाऱ्याला ती वरची कड माहीत असायलाच हवी. फक्त तिला ‘नेहमीचं’ म्हणू नये.

वर्षभरात पुरेशी सौरऊर्जा मिळते, मग अडचण कुठे येते?

वेळेत. एक लहानसा हिशेब मांडते, कागद-पेन्सिल घेऊन सोबत करून पाहा.

एका छोट्या ग्रिडवर दिवसाचे ८ तास १०० मेगावॉट मागणी आहे, संध्याकाळचे ४ तास १५० मेगावॉट आणि उरलेले १२ तास ७० मेगावॉट. दिवसभराची एकूण मागणी ८०० अधिक ६०० अधिक ८४०, म्हणजे २,२४० मेगावॉट-तास. आता ३०० मेगावॉटचं सौर केंद्र बसवू. ते सरासरी २० टक्के क्षमतेने चालतं असं धरलं, तर दिवसाला १,४४० मेगावॉट-तास वीज देईल. भागाकार केला तर ६४ टक्के मागणी सूर्याने भागवली असं दिसतं. फक्त वार्षिक बेरीज पाहणारं मॉडेल हेच सांगेल.

आता तास पाहू. ही सगळी वीज ८ तासांतच येते, म्हणजे त्या वेळी सरासरी १८० मेगावॉट. मागणी तर १०० च. म्हणजे थेट वापरता आली ८०० मेगावॉट-तास, एकूण मागणीच्या जेमतेम ३६ टक्के. उरलेली ६४० वाया जाते. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा सूर्य नसतो, आणि ग्रिडमध्ये निर्मिती आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते. ती नाही जुळली की फ्रिक्वेन्सी ढळते.

मग बॅटरी घालू. साठवून परत काढताना १५ टक्के वीज जाते असं धरलं, तर ६४० मधले ५४४ मेगावॉट-तास संध्याकाळी मिळतील. ६०० च्या मागणीत फक्त ५६ ची तूट उरली. एकूण वाटा ६० टक्क्यांवर गेला. रात्रीचे ८४० मात्र अजून तसेच आहेत. त्यासाठी वारा, पाणी, दूरच्या प्रदेशातून पारेषण, आणखी मोठी साठवण किंवा दुसरं एखादं केंद्र लागेल.

जुन्या मॉडेल्समध्ये वर्षाचे मोजकेच तुकडे पाडत, कारण संगणकाला ८,७६० तास झेपत नसत. तुकडे किती पाडले यावर उत्तर ३६ टक्के येईल की ६४, हे ठरायचं. म्हणून कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी हेच शोधते: यांनी वर्षाचे तुकडे किती केले?

कार्बन बजेट म्हणजे काय?

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत निसर्गाने एक सोपा नियम घालून दिला आहे. तापमानवाढ ही आजवरच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ प्रमाणात असते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार दर १,००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. १८५० ते २०१९ या काळात माणसाने साधारण २,३९० अब्ज टन सोडले. गुणाकार केला तर सुमारे १.०८ अंश येतात, आणि २०१० ते २०१९ या दशकात माणसामुळे झालेली वाढ १.०७ अंश मोजली गेली. हे इतकं जुळण्यात थोडा योगायोग आहे: मिथेनसारख्या इतर वायूंनी दिलेली ऊब आणि हवेतल्या सूक्ष्म कणांनी दिलेला गारवा यांची बरीचशी वजावट होते.

उलटं गणित केलं की बजेट निघतं. १.५ अंशांच्या आत राहण्याची निम्मी शक्यता हवी असेल, तर २०२० च्या सुरुवातीपासून उरले होते ५०० अब्ज टन. दरवर्षी जग साधारण ४० अब्ज टन सोडतं. भागाकार तुम्हीच करा, आणि त्यातून २०२० पासूनची वर्षं वजा करा.

नेट झिरो, म्हणजे जितका कार्बन सोडला तितकाच परत काढणं, हे याच नियमाचं दुसरं टोक. तापमान एकूण बेरजेवर चढत असेल, तर ते थांबवायला बेरीज वाढणंच थांबावं लागतं. उत्सर्जन निम्मं केलं तर तापमान चढायचं थांबत नाही, सावकाश चढतं.

मॉडेल्स चुकतात का?

हो. पण कुठली मॉडेल्स आणि कशात, ते पाहा.

भौतिकशास्त्राची बाजू आश्चर्य वाटावं इतकी पक्की निघाली आहे. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे यांनी १९६७ साली सहकाऱ्यासोबत केलेल्या गणितात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान २.३ अंशांनी वाढेल असं उत्तर आलं होतं. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे. त्यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या १७ हवामान भाकितांची तपासणी २०२० साली झाली. त्यातली १० प्रत्यक्ष मोजमापांशी जुळली. मग तपासणाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: भाकीत करताना धरलेल्या उत्सर्जनाऐवजी प्रत्यक्षात झालेलं उत्सर्जन घालून पाहिलं. तेव्हा १४ जुळली. म्हणजे त्यातल्या चौघांचं भौतिकशास्त्र बरोबर होतं, माणसं किती इंधन जाळतील हा अंदाज चुकला होता.

चूक आमच्या बाजूला जास्त होते, आणि तिचा सगळ्यांत ठळक दाखला सौरऊर्जेचा. २०१० ते २०१९ या दशकात सौर विजेचा खर्च ८५ टक्क्यांनी, वाऱ्याच्या विजेचा ५५ टक्क्यांनी आणि लिथियम-आयन बॅटरीचा ८५ टक्क्यांनी घसरला. बहुतेक मॉडेल्सनी याच्या जवळपास जाणारंही काही दाखवलं नव्हतं. एखादी वस्तू जितकी जास्त बनवावी तितकी ती स्वस्त होते, हे थिओडोर राइट यांनी विमानांच्या कारखान्यात १९३६ सालीच नोंदवलं होतं. सौर पॅनेलमध्ये एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. पण अनेक मॉडेल्समध्ये किंमत वर्षानुसार ठरवून टाकलेली असायची, किंवा ‘वाढीचा वेग याहून जास्त नको’ असं एक बंधन कुणीतरी सावधगिरी म्हणून घातलेलं असायचं. त्या एका ओळीमुळे पुढची तीस वर्षं वेगळी दिसायची. धोरण ठरवणाऱ्यांनी ते आलेख पाहून सौरऊर्जा महागच राहील असं धरलं. याची जबाबदारी आम्हा मॉडेल बांधणाऱ्यांची आहे.

मॉडेलने ‘उत्तर नाही’ असं म्हटलं तर?

संगणकाच्या पडद्यावर एकच शब्द येतो: ‘इन्फिझिबल’. सगळी बंधनं एकत्र पाळेल असा एकही मार्ग नाही, असा त्याचा अर्थ.

एकदा उत्सर्जनाची मर्यादा थोडीशीच खाली घेतली आणि हा शब्द आला. पहिला विचार असा की उद्दिष्टच अशक्य आहे. पण तसं लिहून मोकळं होता येत नाही. एकेक बंधन सैल करून पाहत गेले. तिसऱ्या दिवशी सापडलं: एका प्रदेशातली बरीच जुनी केंद्रं एकाच पाच वर्षांच्या टप्प्यात निवृत्त होत होती, आणि नवी क्षमता वर्षाला किती उभारता येईल यावरची मर्यादा त्याहून कमी होती. मागणी आणि राखीव क्षमता, दोन्ही भागवायला केंद्रंच उरत नव्हती. ती मर्यादा आली कुठून? दहा वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यातून, जेव्हा त्या प्रदेशात सौर केंद्रं उभारणारे कंत्राटदार आणि वायरमन दोन्ही कमी होते.

म्हणून ‘मॉडेलनुसार अशक्य’ हे वाक्य मी आता सहसा लिहीत नाही. ‘ही बंधनं धरली तर अशक्य’ असं लिहिते, आणि बंधनांची यादी सोबत देते.

शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीची किंमत आज कशी काढता?

डिस्काउंट रेट नावाच्या एका आकड्याने, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रात इतकं वजन दुसऱ्या कुठल्याच आकड्याला नाही.

आज हातात असलेले १०० आणि पन्नास वर्षांनी मिळणारे १०० सारखे नाहीत, हे तत्त्व व्यापारात रूढ आहे. दर ५ टक्के धरला, तर पन्नास वर्षांनंतरच्या १०० एककांच्या नुकसानीची आजची किंमत ९ एककांहूनही कमी भरते. दर १.४ टक्के धरला तर ती ५० च्या घरात जाते. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ साली ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अभ्यासात साधारण १.४ टक्के दर होता आणि निष्कर्ष निघाला: ताबडतोब, जोरात कृती करा. विल्यम नॉर्डहाउस यांच्या ‘डाइस’ मॉडेलमध्ये दर त्याहून बराच चढा होता आणि निष्कर्ष होता: हळूहळू वाढवत न्या. नॉर्डहाउस यांना २०१८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांच्या मतभेदाचा मोठा भाग तापमानावर नव्हताच. आपल्या नातवंडांचं दुःख आज किती मोलाचं मानायचं, यावर होता. हा प्रश्न गणिताचा नाही. तो आकडा परिशिष्टात शेवटच्या पानावर टाकून देणं मला पटत नाही. तो पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात हवा.

इतके सिनारिओ हवेतून कार्बन परत काढण्यावर का अवलंबून आहेत?

दोन कारणं आहेत, एक खरं आणि एक गणिताच्या सवयीचं. खरं कारण असं की विमानं, सिमेंट, शेती यांतलं काही उत्सर्जन शून्यावर आणणं फार कठीण आहे. त्याची भरपाई कुठेतरी करावी लागेल.

दुसरं कारण नुकतंच वर आलं. डिस्काउंट रेट असलेल्या मॉडेलला २०७० चा खर्च आज क्षुल्लक वाटतो. शिवाय या मॉडेलला सगळं भविष्य आधीच दिसत असतं, त्यामुळे ‘तेव्हा ते तंत्रज्ञान चाललंच नाही तर?’ ही भीती त्याला नसते. मग ते आज थोडं जास्त जाळून नंतर भरपाई करायचा मार्ग निवडतं. झाडं किंवा पिकं वाढवायची, ती जाळून वीज करायची आणि निघालेला कार्बन जमिनीखाली गाडायचा, ही पद्धत काही सिनारिओंमध्ये इतक्या प्रमाणावर येते की तिला लागणारी जमीन अन्नधान्याच्या जमिनीशी स्पर्धा करू लागते. असे निकाल आले की मी त्याच मॉडेलला ती सोय काढून घेऊन पुन्हा चालवते. उत्तर महाग येतं. पण पहिल्या उत्तरात किती जोखीम दडलेली होती, ते तेव्हा दिसतं.

फक्त खर्च पाहिला तर न्यायाचं काय?

मॉडेल कपात तिथे करतं जिथे ती सगळ्यांत स्वस्त पडते. बरेचदा तो प्रदेश गरीब असतो. कपात तिथे व्हावी याचा अर्थ तिचा खर्च तिथल्या लोकांनी करावा असा होत नाही, पण निकालांचा तक्ता हे दोन वेगळे करून दाखवत नाही आणि वाचणारा एकच समजतो. जागतिक मॉडेल्समध्ये जगाचे साधारण दहा-पंधरा प्रदेश केलेले असतात; एका प्रदेशाच्या सरासरीत कोट्यवधी माणसांच्या घरातला अंधार बुजून जातो. काही सिनारिओंत तर शतकाच्या मध्यालाही गरीब प्रदेशांचा दरडोई ऊर्जावापर श्रीमंतांच्या तुलनेत फार खालीच राहतो. तो तसा राहावा असं कुणी ठरवलेलं नसतं. आजची विषमता इनपुटमध्ये आली आणि ती कुणी काढली नाही, म्हणून ती तशीच पुढे जाते. मला वाटतं किमान सन्मानाने जगायला लागणारी ऊर्जा हे मॉडेलमध्ये बंधन म्हणून असायला हवं, मागणी भागलीच पाहिजे या बंधनाइतकंच ठाम.

ऊर्जेची गरजच कमी करता येणार नाही का?

येईल, आणि इकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. माणसाला कोळसा किंवा पेट्रोल नको असतं. उजेड, ऊब, प्रवास हवा असतो. पेट्रोलच्या गाडीत इंधनातल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचतो, विजेच्या गाडीत तीन चतुर्थांशाहून जास्त. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा चांगला हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता देतो. आयआयएएसएच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सिनारिओत राहणीमान सुधारत असतानाही २०५० ची अंतिम ऊर्जा, म्हणजे वापरणाऱ्यापर्यंत पोचणारी ऊर्जा, २४५ एक्झाज्यूलवर येते, अभ्यासाच्या वेळच्या वापरापेक्षा सुमारे ४० टक्के कमी. आणि त्यात कार्बन गाडण्याच्या तंत्राची गरज पडत नाही.

इतकी अनिश्चितता असताना निर्णय कसे घ्यायचे?

एकच सिनारिओ निवडून त्यावर पैज लावू नये. वेगवेगळी गृहीतकं घेऊन मॉडेल शेकडो वेळा चालवतात आणि मग पाहतात: कुठली पावलं जवळजवळ प्रत्येक वेळी येतात? वीजनिर्मिती लवकर स्वच्छ करणं, वाहतूक आणि उष्णता विजेवर आणणं, पारेषणाच्या तारा वाढवणं, मिथेनची गळती थांबवणं ही पुन्हा पुन्हा येतात. अणुऊर्जा किती, हायड्रोजन किती, कार्बन गाडणं किती, यावर मॉडेल्सची उत्तरं पांगतात. पहिल्या यादीसाठी थांबायचं कारण नाही. दुसऱ्या यादीत लहान प्रयोग करत शिकत जावं. आज उभारलेलं कोळशाचं केंद्र तीस-चाळीस वर्षं चालायच्या हिशेबानेच बांधलेलं असतं, त्यामुळे ‘अजून थोडं थांबून पाहू’ हाही एक निर्णय असतो आणि मॉडेलमध्ये त्याचा खर्च दिसतो.

अहवाल वाचताना सामान्य वाचकाने काय पाहावं?

काय धरून चाललेत ते आधी पाहा: वाढीचा दर, तंत्रज्ञानाच्या किमती, डिस्काउंट रेट. मग शतकाच्या उत्तरार्धात किती कार्बन परत काढायचा आहे ते पाहा. पैसे कुणी दिले हेही पाहावं. आणि मॉडेल व माहिती खुली आहे का ते शोधावं. नसेल, तर तो निष्कर्ष तपासायची सोय नाही.

मला स्वतःला मॉडेल चालवून पाहता येईल का?

येईल. ‘ओएसइमोसिस’ आणि ‘पायपीएसए’ ही दोन्ही खुली आणि फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असेल तर पायपीएसए सोपं जाईल. सुरुवात वर दिलेल्या तीन तुकड्यांच्या ग्रिडपासून करा. उत्तर कागदावर आधीच काढलेलं असलं की मॉडेल चुकलं तर लगेच कळतं.

या क्षेत्रात यायला कुठलं शिक्षण लागतं?

ठरावीक असं नाही. माझे सहकारी अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा सगळ्या वाटांनी आले आहेत. रेषीय बीजगणित पक्कं हवं, प्रोग्रॅमिंगची भीती नको. त्याहून जास्त उपयोगी पडते ती एककं तपासायची सवय. किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांत गल्लत करणारा विद्यार्थी आला तर मी त्याला महिनाभर फक्त विजेची बिलं आणि मीटरची रीडिंग्ज वाचायला देते.